दोष कोणाचा?

मूल जन्मास येऊन काही घटकांतच गेले, म्हणजे आमच्या समाजात प्रथम सुनेच्या कुशीकडे बोट दाखविले जाते. ग्रहण पाळले नसेल, कुलदैवताचा नवस फेडावयाचा राहिला असेल, निदान तिच्या माहेरी काही वैगुण्य असेल, असे तर्क चालतात. शाहूपुरीतील सुशिक्षित घरांतूनही हे बोलणे आम्ही ऐकले आहे. मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या असंख्य गाठी होऊन जी बालके दगावतात, त्यांच्या व्याधीचा इतिहास पाहिला असता हे बोलणे किती अन्यायाचे आहे, हे ध्यानी येईल.

पोलंडचा राजा स्तेफान बाथोरी 1586 साली वारला. त्याच्या शवात बैलाच्या मूत्रपिंडांएवढी मोठी व उंचवट्यांनी भरलेली मूत्रपिंडे आढळली. ही बहुधा हीच व्याधी, परंतु तिचा प्रौढांतील प्रकार असावा, असे पुढील वैद्यांनी मानले. हा प्रकार एका पालकाकडून येतो व सरासरी निम्म्या संततीत उतरतो. डेन्मार्कच्या डालगार्ड यांनी 1957 साली 284 रुग्ण व त्यांची घराणी अभ्यासून त्याची आनुवंशिकता विस्ताराने मांडली. 1994 साली एका पोर्तुगीज कुटुंबातील गुणसूत्रांच्या अदलाबदलीचा माग घेत त्याचे मुख्य जनुक सोळाव्या गुणसूत्रावर सापडले.

बालकांचा प्रकार मात्र अधिक गूढ होता. कारण त्यात मातापिता दोघेही धडधाकट असतात. या कोड्याची किल्ली निराळ्याच व्याधीत मिळाली. ज्या रोगात लघवी ठेवल्यावर काळी पडते, त्याचे रुग्ण पुष्कळदा सख्ख्या चुलत-मामेभावंडांच्या विवाहातून जन्मलेले असतात, असे इंग्लंडच्या गॅरड यांनी 1902 साली दाखविले. मेंडेलच्या नियमाने त्याचा उलगडा झाला. सदोष जनुकाची एकच प्रत असेल तर ती निमूट राहते. आईची एक व बापाची एक अशा दोन्ही एकत्र आल्या, तरच रोग प्रकटतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास चारांत एक इतका धोका असतो. एक मूल गेले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब नाही. बालकांच्या या व्याधीचे प्रमुख जनुक सहाव्या गुणसूत्रावर 2002 साली सापडले.

बिघाड नेमका कोठे होतो, हे शेवाळाने दाखविले, ही नवलाची गोष्ट होय. मूत्रपिंडे गाठाळलेल्या उंदरांतील एक सदोष जनुक, एककोशीय हिरव्या शेवाळाच्या पोहण्याच्या तंतूंस लागणारेच आहे, असे 2000 साली आढळले. आपल्या मूत्रनलिकांच्या पेशींवरही तसाच एकेक सूक्ष्म तंतू असतो. त्याचे कार्य बिघडले की नलिका फुगतात. गर्भाची लघवी कमी होऊन गर्भोदक आटते, फुप्फुसे वाढत नाहीत, आणि बालकास पहिला श्वासही जड जातो.

मामाची मुलगी करण्याची चाल आमच्या या प्रांतात जुनी आहे. सख्ख्या मामे-आतेभावंडांची जनुके सरासरी एक-अष्टमांश समान असतात. म्हणून अशा विवाहांत दोन निमूट प्रतींची गाठ पडण्याचा संभव वाढतो. चालीची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु घराण्यात असे मूल गेलेले असेल, तर पत्रिकेपूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा, व पुढील गर्भाच्या आधी जनुकपरीक्षा करून घ्यावी, एवढे सांगणे कर्तव्य वाटते.

बालकांच्या या प्रकारात साधारणतः एक प्रत आईची, एक बापाची असते. दोघांनीही ती जाणून दिलेली नसते. म्हणून उणे शोधावयाचेच, तर ते दोन्ही घराण्यांत सारखेच शोधावे लागेल, आणि दोषी म्हणून कोणीच हाती लागणार नाही.