निर्मिती आणि चमत्कार

निर्मिती आणि चमत्कार : विश्वाची निर्मिती हा चमत्कार मानावा का, या प्रश्नावरील ख्रिस्ती विचार. विश्वोत्पत्तीचे विज्ञान पुढे सरकले की श्रद्धा मागे हटते, ही समजूत बहुतांशी निर्मिती व चमत्कार या दोन कल्पनांची गल्लत झाल्याने रूढ झाली आहे.

मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) यांनी त्या वेगळ्या केल्या. निसर्गक्रमाबाहेर ईश्वराने घडवलेली घटना म्हणजे चमत्कार. निर्मिती मुळात निसर्गक्रमातलीच नाही, म्हणून काटेकोर अर्थाने ती चमत्कार ठरत नाही. निर्मिती म्हणजे सृष्टीचे अस्तित्व सर्वस्वी ईश्वरावर अवलंबून असणे. विश्वाला आरंभ आहे हे तर्काने सिद्ध होत नाही, श्रद्धेनेच स्वीकारावे लागते, असेही त्यांचे मत होते.

हा विवेक विसाव्या शतकात कसाला लागला. बेल्जियमचे धर्मगुरू व भौतिकीविज्ञ जॉर्ज लमेत्र (१८९४–१९६६) यांनी १९२७ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचे गणित मांडले आणि १९३१ मध्ये ‘आदिअणू’ची कल्पना पुढे आणली, महास्फोट सिद्धांताचे हे आद्य रूप. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी विज्ञान अकादमीपुढील भाषणात या विज्ञानाची सांगड निर्मितीच्या श्रद्धेशी घातली. लमेत्र यांना ती रुचली नाही. त्यांच्या मते हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा होता. आस्तिकाला त्यातून पुरावा मिळत नाही आणि नास्तिकाचीही अडचण होत नाही. स्वतः धर्मगुरू असलेल्या माणसाने हाती आलेला सोपा युक्तिवाद नाकारावा, यातच त्यांच्या श्रद्धेची खोली दिसते.

उत्क्रांतीबाबत पायस बारावे यांनीच १९५० मध्ये मानवी देहाच्या उगमाचा शोध संशोधकांना मोकळा ठेवला होता. आत्मा मात्र थेट ईश्वरनिर्मित, ही शिकवण कायम राहिली. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवस शब्दशः मानणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांना ही विभागणी मान्य नाही.

चमत्कार मानल्या जाणाऱ्या येशूच्या पुनरुत्थानाचा प्रश्न निर्मितीच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. ते इतिहासात घडल्याचा दावा आहे. त्यामुळे निर्मितीसारखे त्याला निसर्गक्रमापलीकडे ठेवता येत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४८ मध्ये घेतलेला आक्षेप इथेच लागू पडतो : निसर्गनियमांमागे एकसारख्या अनुभवाचे बळ असताना काही जणांची साक्ष त्याहून भारी कशी ठरावी? महास्फोटाचा सिद्धांत यावर काहीच सांगत नाही. इथे वाद साक्षीदारांच्या विश्वासार्हतेचा आहे, आणि ईश्वराचे अस्तित्व आधीच मानणारा व न मानणारा ती वेगवेगळी जोखतात.