वृद्धांचें देशांतर

मुलगा परमुलखांत स्थिरस्थावर झाला, कीं म्हाताऱ्या आईबापांस तिकडे नेण्याचा प्रश्न आज ना उद्यां उभा राहतोच. अलीकडे मध्यम स्थितींतील मराठी कुटुंबांपुढें तो विशेषेंकरून पडतो, तो दुबईसारख्या वाळवंटांतील शहरासंबंधीं. मुलगा म्हणतो, येथें सर्व सोयी आहेत; वडील म्हणतात, आमचें येथेंच बरें आहे; आणि शेजारीपाजारी म्हाताऱ्यास हट्टी ठरवून मोकळे होतात. हा हट्टच आहे कीं दुसरें कांहीं, याचा निवाडा करण्यापूर्वीं आपल्या पूर्वजांच्या घरांत अशा प्रसंगीं काय घडलें हें पाहणें उपयोगाचें होईल, असें आम्हांस वाटतें. इतिहास म्हणजे लढायांची जंत्री असें समजणाऱ्यांस हा विषय फार घरगुती वाटेल. पण लढाया करणाऱ्यांनाही आया होत्या.

पहिलें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. शिवाजी महाराजांनीं राजधानी रायगडावर नेली तेव्हां जिजाबाईसाहेबांनीं सत्तरी ओलांडली होती. गडावरचा गार वारा त्यांस सोसवेना, म्हणून महाराजांनीं पायथ्याशीं पाचाड येथें त्यांच्यासाठीं वाडा बांधविला, असें सांगतात. ६ जून १६७४ रोजीं राज्याभिषेक झाला आणि १७ जून रोजीं मातोश्रींनीं पाचाडासच देह ठेविला. त्यांची समाधि तेथेंच आहे. ज्याच्या शब्दासरशीं मावळे कडे चढून जात, त्या पुत्रानेंही आईनें वर राहावें असा आग्रह धरिला नाहीं. त्यानें तिचें घर खालीं आणलें.

राधाबाईंचें उदाहरण वरवर पाहतां याच्या अगदीं उलट आहे. बाळाजी विश्वनाथ १७२० सालीं वारले. त्यानंतर पंधरा वर्षांनीं, १७३५ च्या फेब्रुवारींत, थोरल्या बाजीरावांच्या या मातोश्री पुण्याहून काशीयात्रेस निघाल्या. तेव्हां त्या नातवंडांच्या आजी झाल्या होत्या. वाट लांबची आणि मुलूख परक्यांचा; त्यांतले कित्येक तर असे, कीं जेथें चिरंजीवांचें नांव काढतांच तलवारी बाहेर पडाव्या. ऐन वैशाखांत त्या उदेपुरास पोंचल्या, तेथून श्रीनाथद्वार करून सवाई जयसिंगाच्या जयपुरास गेल्या. जयपूर वसून त्या वेळीं अवघीं आठ वर्षें झालीं होतीं. अरवलीपलीकडच्या वाळवंटाची झळ त्या शहरास लागते, हें उन्हाळ्यांत तिकडे गेलेल्यांस सांगावयास नको. जयसिंगानें त्यांचा परामर्श राजमातेप्रमाणें घेतला आणि पावसाळ्याचे दिवस त्यांनीं तेथेंच काढिले. महंमदखान बंगष हा बाजीरावांचा हाडवैरी. पण त्यानेंही यात्रेकरूंचा सन्मानच केला. ऑक्टोबरांत काशी झाली, पुढें गया झाली, आणि १७३६ च्या मध्याच्या सुमारास बाई पुण्यास परत आल्या.

या यात्रेमुळें राजपुतान्यांतील राजांचा कल पेशव्यांस अजमावतां आला, असें इतिहासकार लिहितात, आणि तें खरेंच आहे. परंतु आमच्या प्रस्तुत विषयास त्यांतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ही आजी उन्हास भ्याली नाहीं, वाळूस भ्याली नाहीं, शत्रूसही भ्याली नाहीं. जाण्याचें कारण तिचें स्वतःचें होतें, कोणी समजूत घालून गळीं उतरविलेलें नव्हे; आणि परत यावयाचें तें पुण्यासच, हें निघतांनाच ठरलेलें होतें. या दोन गोष्टी असल्या म्हणजे म्हातारीं माणसें किती लांब जातात, याचा हा पुरावा आहे.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धामधुमींत सांपडले, हें त्यांच्या ‘माझा प्रवास’मुळें सर्वश्रुत आहे. झांशीची हकीकत सर्वांस आठवते. पण परततांना गंगेची कावड आणून त्यांनीं आईबापांस घरींच गंगास्नान घातलें, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

वाळवंटाच्या कडेचें शहर मराठी माणसास तसें नवें नाहीं. सिंध प्रांत इंग्रजांनीं १८४३ सालीं घेतला, १८४७ सालीं तो मुंबई इलाख्यास जोडला, आणि १९३६ पर्यंत तो इलाख्यांतच होता. साहजिकच सरकारी नोकरींतल्या मराठी माणसांचें कराचीस जाणें होऊं लागलें. तेथें १८५५ सालीं निघालेल्या शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षण खात्यांतील मराठी अधिकाऱ्याचें नांव आहे, आणि ती शाळा आजही चालू आहे. मुंबईहून आगबोटीनें जावयाचें. उतरल्यावर खारा वारा, वाळू, आणि पाऊस जवळजवळ नाहींच. तरीही मुलास आईजवळ असें म्हणतां येई, कीं मुलूख आपल्याच इलाख्यांतला आहे, बदली होईल, परत येऊं. पुढें १९४७ सालीं फाळणी झाली आणि तोच मुलूख परराष्ट्र ठरला. पुष्कळ मराठी कुटुंबें निघून आलीं. कांहीं तेथेंच राहिलीं, आणि त्यांचा गणेशोत्सव अजूनही होतो. म्हाताऱ्यांच्या शंकेस हंसणाऱ्यांनीं कराचीची ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक रांजणगांवीं राहतात. शिरूर तालुका अवर्षणाचा. वर्षास पांचशें मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तरी लोक समाधान मानतात. गेल्या शतकाच्या अखेरीस येथें औद्योगिक वसाहत आली, आणि ज्यांचे बाप ज्वारीबाजरीच्या पलीकडे गेले नाहींत तीं मुलें यंत्रांचीं जाणकार होऊन समुद्रापार गेलीं. या गुरुजींचे चिरंजीव दुबईस आहेत. तेथील थंड केलेल्या खोल्या, रुग्णालयें, जबल अली येथें २०२२ सालीं उघडलेलें नवें देऊळ, हें सर्व ते वडिलांस वारंवार सांगतात. गुरुजींचे प्रश्न मात्र तीनच. भाद्रपदांत महागणपतीच्या द्वारयात्रेस येतां येईल ना? घर विकावयाचें नाहीं ना? आणि तेथेंच कांहीं बरें-वाईट झालें तर? मुलगा उत्तर देतो तें रुग्णालयाचें. उन्हाबद्दल गुरुजींनीं एक अक्षर विचारलेलें नाहीं. दुष्काळी मुलखांतल्या माणसास उन्हाचें काय! तेथील आईबापांचा राहण्याचा परवाना बहुधा मुलाच्या नोकरीवर अवलंबून असतो, हेंही त्यांस ठाऊक आहे. मुलाची नोकरी गेली कीं बापाचें घर गेलें, असा त्याचा अर्थ ते लावतात, आणि तो चुकीचा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

अर्थात् मुलाची बाजूही लहान नाहीं. रात्रीं न्हाणीघरांत पाय घसरला तर हांक कोणास मारावयाची? असल्या प्रसंगाचा भार शेवटीं पडतो तो दोन कोसांवर दिलेल्या मुलीवर, आणि ती बिचारी या चर्चेंत कोणास आठवतही नाहीं. वडिलांची सेवा कोण करतें आणि त्यांजविषयीं निर्णय कोण करतें, यांत आमच्या घरांतून फार अंतर असतें.

रांजणगांवचें देऊळ पाहतांना मात्र एक गोष्ट मनांत येते. गाभारा थोरल्या माधवरावांनीं बांधविला असें सांगतात. सभामंडप इंदूरच्या सरदार किब्यांचा, ओवऱ्या शिंदे-पवारांच्या. हीं घराणीं माळव्याकडे गेलीं, तिकडचींच झालीं. पण इकडे त्यांनीं दगड बसवून ठेविला. आम्हीं ही गोष्ट गुरुजींच्या चिरंजीवांस कळविली, आणि वडिलांची समजूत घालण्याआधीं घराचें छप्पर दुरुस्त करून घ्यावें, असें सुचविलें. त्यांनीं तें केलें. किल्ली बहिणीजवळ दिली, आणि द्वारयात्रा उरकल्यावर, तिकडचा उन्हाळा सरून हवा थंड झाली म्हणजे यावें, असें वडिलांस लिहिलें. गुरुजी गेल्या कार्तिकांत गेले. परतीचें तिकीट माघी चतुर्थीच्या आधींचें होतें, आणि तें त्यांनीं स्वतः पाहून घेतलें होतें.