समोर दिसते, तरी सापडत नाही
एका यादीत सभासद क्रमांक आणि नाव, दुसरीत क्रमांक आणि महिन्याचा हप्ता. दोन्ही जुळवून एकच तक्ता तयार करायचा, हे पतसंस्थांपासून शाळांच्या कार्यालयांपर्यंत महिनाअखेरीचे नेहमीचे काम. त्यासाठी एक्सेलमध्ये 'व्हीलुकअप' हे सूत्र १९८५ मधील पहिल्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. सूत्र लिहून खाली ओढले, की अनेक ओळींत '#एन/ए' उमटते. क्रमांक दोन्ही याद्यांत डोळ्यांना स्पष्ट दिसत असतो; संगणक मात्र तो नाही म्हणतो.

अशा वेळी सूत्रावर खापर फुटते. वस्तुतः दोष बहुधा माहितीत असतो. एक्सेलच्या लेखी १०२५ ही संख्या आणि १०२५ हा मजकूर या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रणालीतून उतरवून घेतलेल्या फाइलीत क्रमांक अनेकदा मजकुराच्या रूपात येतात, तर हाताने टंकलेले क्रमांक संख्या असतात. रकान्याची मांडणी कोणी बदललेली नसेल, तर संख्या सेलच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला दिसतो. खात्रीसाठी 'इझनंबर' हे सूत्र वापरावे. उपाय सोपा आहे. रकाना निवडून 'डेटा' विभागातील 'टेक्स्ट टु कॉलम्स' उघडावे आणि थेट 'फिनिश' दाबावे. मजकुराच्या संख्या होतात.

बँक खात्याच्या क्रमांकांना मात्र हा उपाय कधीही करू नये. संख्या होताच आरंभीची शून्ये गळतात आणि पंधरा अंकांपुढचे सर्व अंक शून्य होतात. गेलेले अंक नंतर रूपण बदलूनही परत येत नाहीत. खाते क्रमांकाचा रकाना टंकण्यापूर्वीच 'टेक्स्ट' करून ठेवणे, हाच मार्ग.

दुसरा संशयित म्हणजे न दिसणारी मोकळी जागा. नावाच्या शेवटी एक स्पेस राहिली, तरी जुळणी फसते. 'लेन' हे सूत्र अक्षरांची संख्या सांगते; दोन सारख्या दिसणाऱ्या सेलची लांबी वेगळी आली, तर चोर सापडला. 'ट्रिम'ने कडेच्या जागा जातात. वेबपानावरून नक्कल केलेल्या मजकुरात मात्र १६० क्रमांकाची वेगळ्या जातीची स्पेस असू शकते. तिला 'ट्रिम' हात लावत नाही. 'सब्स्टिट्यूट' वापरून ती साध्या स्पेसमध्ये बदलावी लागते.

मराठी नावांच्या याद्यांत याहून अवघड पेच पडतो. एक यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आणि दुसरी युनिकोडमध्ये असेल, तर पडद्यावर दोन्हीकडे 'पाटील' दिसते. पण पहिल्या फाइलीत आत वेगळीच चिन्हे साठवलेली असतात. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याखेरीज जुळणी होणे नाही. दोन्ही याद्या युनिकोडमध्ये असल्या, तरी संकट टळत नाही. 'ॲडव्होकेट'मधील पहिले अक्षर एका कळफलकावर स्वतंत्र अक्षर म्हणून उमटते, तर दुसऱ्यावर 'अ' आणि वरचा चंद्र अशा दोन चिन्हांनी बनते. स्वतंत्र अक्षराला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्यामुळे जुन्या याद्यांत दोन चिन्हांचे रूप सापडते. म्हणूनच जुळणी नावांवर नव्हे, क्रमांकांवर करावी.

वरच्या ओळी बरोबर आणि खालच्या चुकीच्या येत असतील, तर सूत्र ओढताना शोधाची कक्षाही खाली सरकली आहे, असे समजावे. कक्षा निवडून एफ४ दाबले, की डॉलरची चिन्हे लागून ती जागच्या जागी राहते. शिवाय शोधायचा रकाना कक्षेत सर्वांत डावीकडे असणे 'व्हीलुकअप'ला आवश्यक असते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या 'एक्सलुकअप'ला हे बंधन नाही. पण जुन्या आवृत्त्यांत ते चालत नाही. तेथे 'इंडेक्स' आणि 'मॅच' ही जोडी कामी येते.

इथवरच्या चुका निदान दिसतात तरी. खरा धोका आहे तो न दिसणाऱ्या चुकीचा. 'व्हीलुकअप'ची चौथी जागा मोकळी सोडली, तर एक्सेल अंदाजे जुळणी करते. शब्दकोश मधोमध उघडून पुढे-मागे जावे, तशी ही पद्धत यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरते. उत्पन्नाचे टप्पे किंवा गुणांच्या श्रेणी पाहण्यासाठी ती योग्य आहे. सभासदांच्या विस्कळीत यादीवर मात्र ती एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा हप्ता बिनदिक्कत मांडते आणि कोणतीही सूचना देत नाही. चौथ्या जागी 'फॉल्स' किंवा शून्य लिहिणे, एवढीच काळजी पुरेशी असते.

'#एन/ए' नकोसे वाटते म्हणून 'इफएरर' लावून तेथे शून्य दाखवण्याची सवयही तितकीच घातक. ज्याचा हप्ता कापला गेला, त्याच्याच खात्यावर तो थकबाकी म्हणून दिसू शकतो. झाकायचेच असेल, तर २०१३ च्या आवृत्तीपासून आलेले 'इफएनए' वापरावे आणि शून्याऐवजी 'सापडले नाही' असे शब्द लिहावेत. तक्ता पूर्ण झाल्यावर हप्त्यांची बेरीज मूळ यादीच्या बेरजेशी ताडून पाहावी. बेरीज जुळली, तरी पाच-दहा नावे हाताने तपासावीत; दोघांच्या रकमांची अदलाबदल झाली असेल, तर बेरजेत ती कळत नाही.