नाव नसलेली सांधेदुखी: निदानाआधीच्या काळाचा इतिहास

सांधेदुखीसाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. सांधे धरतात, आखडतात, ठणकतात, त्यांत चमक भरते, आभाळ आलं की 'वात उठतो'. पण दुखणाऱ्या माणसाचा खरा प्रश्न असतो, 'मला नक्की झालंय काय?' आणि त्याला यातला एकही शब्द उत्तर देत नाही. रक्ताचे रिपोर्ट 'नॉर्मल' येतात, एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, डॉक्टर म्हणतात, 'दोन महिन्यांनी परत बघू.' हे दोन महिने म्हणजे ना धड आजारी, ना धड बरं, असा काळ.

माझं पीएचडीचं काम निदानाच्या इतिहासावर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर एखाद्या त्रासाला आजाराचं नाव कधी मिळतं, ते कोण देतं आणि ते देताना कुणाचं म्हणणं पुरावा म्हणून धरलं जातं, हे मी शोधते. वैद्यकाचा इतिहास आपण सहसा शोधांची यादी म्हणून वाचतो. अमक्या साली अमुक सापडलं, की पुढचं साल. मला त्या दोन सालांच्या मधल्या जागेत रस आहे. आज त्यातलं एकच उदाहरण घेऊ: ज्याला आपण आज आमवात किंवा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो, त्याचं.

श्रीमंतांचं दुखणं, गरिबांचं दुखणं

चरकसंहितेत वातरक्त नावाच्या रोगावर स्वतंत्र अध्याय आहे. त्याची जी पर्यायी नावं दिली आहेत, त्यांत एक आहे 'आढ्यवात'. आढ्य म्हणजे धनवान. सुखवस्तू, बैठं आयुष्य जगणाऱ्यांना होणारा वात. तिकडे युरोपातही गाऊट हा सांध्यांचा आजार शतकानुशतकं खाण्यापिण्याची चैन असणाऱ्या पुरुषांचा मानला गेला. दोन अगदी वेगळ्या वैद्यकपरंपरांनी सांधेदुखीच्या एका प्रकाराला पैशाशी जोडलं, हे मला फार बोलकं वाटतं.

आपल्याकडे 'आमवात' हा स्वतंत्र रोग म्हणून मांडला तो माधवकराने, साधारण सातव्या-आठव्या शतकात. त्याचा 'रुग्विनिश्चय' म्हणजेच 'माधवनिदान' हा ग्रंथ फक्त निदानावर आहे, उपचार त्यात नाहीत. मात्र माधवकराचा आमवात आणि आजच्या रिपोर्टवरचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस यांच्यामध्ये सरळ बरोबरचं चिन्ह टाकायचं नाही, हे आमच्या विषयातलं पहिलं पथ्य. लक्षणं जुळतात म्हणून संकल्पना जुळतातच असं नाही.

आता १८०० साली पॅरिसला जाऊ. ऑग्युस्तँ जाकोब लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने आपला प्रबंध सादर केला. (हो, तोही प्रबंधच. पीएचडीवाल्यांनी धीर सोडू नये.) सालपेत्रिएर या रुग्णालयात, जिथे मुख्यतः गरीब आणि वृद्ध स्त्रिया राहत, त्याने नऊ स्त्रिया तपासल्या. त्यांचे सांधे सुजलेले होते, पण हा नेहमीचा गाऊट वाटत नव्हता. एकाच वेळी अनेक सांधे धरलेले, दुखणं वर्षानुवर्षं चालणारं, आणि रुग्ण कोण, तर अशक्त, गरीब बायका. श्रीमंत पुरुषांच्या रोगाच्या चौकटीत त्या बसेनात.

लांद्रे-बोव्हेने हा फरक ओळखला, पण नाव मात्र गाऊटचंच ठेवलं, 'अशक्तपणाचा मूळ गाऊट' अशा अर्थाचं. आज आमवाताचं पहिलं स्पष्ट आधुनिक वर्णन म्हणून या प्रबंधाकडे बोट दाखवलं जातं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या स्त्रियांचं दुखणं नवं नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की कुणीतरी त्यांच्याकडे 'या नियमाला अपवाद आहेत' म्हणून न बघता 'यांचा वेगळा नियम असेल' म्हणून बघितलं.

एक धागा आणि उरलेले सगळे

पुढचं पाऊल लंडनमध्ये पडलं. आल्फ्रेड गॅरोडने १८४८ मध्ये दाखवून दिलं की गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक अ‍ॅसिड जास्त असतं. त्यासाठी पुढे त्याने एक साधी चाचणी बसवली. रक्तातला पाणीदार भाग बशीत घ्यायचा, त्यात थोडं अ‍ॅसिड घालायचं, लिननचा धागा सोडायचा आणि थांबायचं. यूरिक अ‍ॅसिड जास्त असेल तर धाग्यावर स्फटिक धरतात, खडीसाखरेच्या दोऱ्यावर धरतात तसे. १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्याने 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव सुचवलं.

आता यातली गोम बघा. धाग्यावर स्फटिक आले, तर गाऊट. नाही आले, तर दुसरं काहीतरी. म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या नावाचा जन्म बऱ्याच अंशी वजाबाकीतून झाला. ज्यांच्या बाबतीत उपलब्ध चाचणी काही बोलली नाही, त्या उरलेल्यांचं हे नाव. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना ही वजाबाकी ओळखीची वाटेल.

उरलेल्यांसाठी स्वतःची चाचणी यायला पुढची ऐंशी वर्षं गेली. १९४० मध्ये नॉर्वेत एरिक वॉलरला आढळलं की अशा काही रुग्णांच्या रक्तातल्या घटकामुळे, विशिष्ट प्रक्रिया केलेल्या मेंढीच्या लाल पेशींच्या गुठळ्या होतात. महायुद्धाच्या धामधुमीत ते मागे पडलं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला हॅरी रोझ आणि त्याच्या सहकाऱ्यांना तेच पुन्हा दिसलं. आज आपण लॅबच्या कागदावर 'आर. ए. फॅक्टर' वाचतो, त्याचं मूळ हे. पण ही चाचणीसुद्धा अर्धवटच बोलते. आमवात असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते आणि आमवात नसताना पॉझिटिव्ह. त्यामुळे प्रश्न राहिलाच: चाचणी गप्प असेल तर ऐकायचं कुणाचं?

'सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही'

माझ्या कामाचा सगळ्यात रंगतदार भाग इथून सुरू होतो. १९५६ मध्ये अमेरिकन ऱ्हुमॅटिझम असोसिएशनच्या समितीने निदानाचे ११ निकष मांडले. यादीत पहिलं काय होतं? सकाळचा ताठरपणा. हे कुठल्याही यंत्रात दिसत नाही. तुम्ही सांगितलंत तरच कळतं. म्हणजे अधिकृत यादीची सुरुवात रुग्णाच्या शब्दाने होत होती.

१९५८ मध्ये याच निकषांची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात चार पायऱ्या होत्या: ११ पैकी ७ निकष जुळले तर 'नमुनेदार', ५ जुळले तर 'निश्चित', ३ जुळले तर 'संभाव्य', आणि त्याही खाली 'शक्य'. खिल्ली उडवावीशी वाटते खरी, 'शक्य' हे काय निदान झालं? पण नीट बघितलं तर या पायऱ्यांनी वाट पाहणाऱ्या माणसाला बसायला जागा दिली होती. तुम्ही आजाराच्या घरात नव्हता, पण ओसरीवर होता.

१९८७ च्या निकषांनी ही ओसरी काढून टाकली. ७ पैकी ४ जुळले तर आमवात, नाहीतर नाही. ताठरपणा यादीत राहिला, पण किमान तासभर हवा अशी अट आली. या यादीत त्वचेखालच्या गाठी होत्या, एक्स-रेमध्ये दिसणारी हाडांची झीज होती. या गोष्टी बहुधा आजार मुरल्यावर दिसतात. जुन्या रुग्णांना ही यादी बरोबर पकडायची, नव्यांना मात्र बाहेर ठेवायची.

मग २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संघटनांनी मिळून नवी पद्धत आणली. १० पैकी ६ गुण हवेत. किती सांधे, रक्तातले घटक, सूज दाखवणाऱ्या तपासण्या आणि त्रास ६ आठवड्यांहून अधिक आहे का, याचे गुण. हेतू चांगला होता: आजार लवकर पकडणं. पण या गुणपत्रिकेतून सकाळचा ताठरपणा गेला. शिवाय दाराशीच अट: तपासणाऱ्याला निदान एका सांध्यात स्पष्ट सूज दिसली पाहिजे. दुखतंय पण सुजलेलं नाही, अशांची मोजणी सुरूच होत नाही.

ज्यांना दुखतं पण सूज नाही, अशा लोकांसाठी युरोपीय तज्ज्ञांनी २०१७ मध्ये सात गोष्टींची वेगळी यादी केली. त्रास वर्षभराच्या आतला आहे का, हाताच्या पंज्याच्या सांध्यांत आहे का, पहाटे-सकाळी सर्वात जास्त असतो का, ताठरपणा तासभर टिकतो का, आईवडील किंवा भावंडांत कुणाला आमवात आहे का, मूठ वळायला अडचण येते का, आणि पंजा दाबल्यावर दुखतं का. सातपैकी पाच गोष्टी फक्त विचारून कळतात. साठ वर्षांनी रुग्णाचा शब्द पुन्हा यादीत परतला.

या सगळ्या अलीकडच्या याद्यांबद्दल एक महत्त्वाची बाब सांगायला हवी. त्या मुख्यतः संशोधनासाठी आहेत, म्हणजे अभ्यासात घेतलेले रुग्ण एकसारखे असावेत म्हणून. समोर बसलेल्या माणसाचं निदान करायला डॉक्टरचा अनुभव आणि विवेक लागतो. 'गुण भरले नाहीत' याचा अर्थ 'तुम्हाला काही झालेलं नाही' असा होत नाही.

थांबण्याची किंमत

पूर्वी नाव उशिरा मिळालं तरी उपचारांत फार फरक पडत नसे. आराम, शेक, अ‍ॅस्पिरिन, गरम पाण्याचे झरे. आपल्याकडे निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मिठाची पुरचुंडी, सुंठ-एरंडेल, जमलं तर वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात स्नान. यातल्या काहींनी घटकाभर बरं वाटतं आणि ते काही थोडकं नाही. तेव्हाची वैद्यकीय पद्धतही पायरीपायरीची होती: आधी साधी वेदनाशामकं, बराच काळ वाट बघायची, मग जहाल औषधं. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन वापरून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना चालतं केलं, त्याबद्दल १९५० चं नोबेल मिळालं, पण दुष्परिणामांमुळे तो आनंद फार टिकला नाही.

१९८० च्या दशकात चित्र पालटू लागलं. कमी मात्रेतलं मेथोट्रेक्सेट आमवातावर उपयोगी ठरलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. पाठोपाठ हेही स्पष्ट होत गेलं की सांध्यांची हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते आणि औषध लवकर दिलं तर ती बरीच रोखता येते. पायऱ्या उलट्या झाल्या. म्हणून आज वाट बघणं पूर्वीपेक्षा जास्त अस्वस्थ करतं. १९३० साली वाट बघणारी बाई असहाय होती. आजच्या बाईला माहीत असतं की उपाय आहे आणि घड्याळ चालू आहे.

हे मी नुसतं वाचून लिहीत नाहीये. गेले सात महिने माझ्या दोन्ही हातांची बोटं सकाळी आखडलेली असतात आणि माझंही निदान अजून झालेलं नाही. जुने निकष वाचताना मी स्वतःला कुठल्या यादीत बसवायचं ते नकळत मोजू लागते. १९५८ मध्ये मी बहुधा 'शक्य' ठरले असते. विचित्र वाटेल, पण त्या शब्दाने बरं वाटलं.

आपल्याकडची गुंतागुंत

मग डॉक्टर सहा आठवडे का थांबायला सांगतात? कारण अनेक विषाणूंमुळे सांधे दुखतात आणि पुष्कळदा आपोआप थांबतात. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. १९५२ च्या सुमारास टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, माकोंडे लोकांच्या भागात एक तापाची साथ आली. दुखण्याने माणूस वाकून जातो, म्हणून त्यांच्या भाषेत त्याला चिकुनगुनिया म्हणाले. (चिकनशी काही संबंध नाही.) आपल्याकडे १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ आली आणि मोठ्या खंडानंतर २००६ मध्ये राज्यभर पसरली. ताप चार दिवसांत गेला, सांधे मात्र कित्येकांचे महिनोन् महिने दुखत राहिले. हा चिकुनगुनियाच आहे की मागून आमवात सुरू झालाय, हे ठरवायला आजही वेळ द्यावा लागतो.

दुसरं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या भिगवणचं. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी तिथे घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. हा जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका मोठ्या उपक्रमाचा भाग होता. तिथल्या सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. आमवात मात्र साधारण अर्ध्या टक्क्याला. उरलेल्यांत झीज होती, सांध्यांभोवतीच्या भागाची दुखणी होती आणि ठरावीक नावात न बसणारी दुखणीही होती. दवाखान्यात बसून हे दिसलं नसतं, कारण यातले अनेकजण दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. 'वय झालं, शेतातलं काम आहे, दुखायचंच,' असं म्हणून गप्प बसतात.

मग हातात काय उरतं?

इतिहासाने गुडघा बरा होत नाही, हे मान्य. पण या दोनशे वर्षांतून एक कामाची गोष्ट नक्की मिळते. चाचण्या गप्प असतात तेव्हा रुग्णाचं सांगणं हाच पुरावा असतो, आणि तो जितका नेमका, तितका उपयोगी. 'सगळं अंग दुखतं' यापेक्षा 'सकाळी सहाला उठते, साडेसातपर्यंत डब्याचं झाकण उघडत नाही' हे वाक्य डॉक्टरला कितीतरी जास्त सांगतं. म्हणून एक वही ठेवावी. कुठले सांधे, कधी, किती वेळ, सूज होती का, ताप येऊन गेला का, घरात कुणाला आहे का. सूज सकाळी असते आणि अपॉइंटमेंट संध्याकाळची, तर सकाळी मोबाइलवर हाताचा फोटो काढून ठेवावा. सूज वाढली, ताठरपणा लांबला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता आधी जावं, आणि शक्य असेल तर संधिवाततज्ज्ञाकडेच.

आणि घरात कुणी असं दुखणं घेऊन वावरत असेल, तर 'रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग झालं,' असं म्हणण्याआधी सालपेत्रिएरमधल्या त्या नऊ जणी आठवाव्यात. त्यांचे सांधे १८०० सालच्या आधीही तितकेच दुखत होते.