घरातील हवेची तपासणी

घरातील हवेची तपासणी म्हणजे राहत्या घरातील हवेत किंवा बांधकाम साहित्यात आरोग्यास अपायकारक घटक आहेत काय, याचा शोध घेणे होय. बुरशी, ॲस्बेस्टॉसचे तंतू, अपायकारक वायू आणि सूक्ष्म धूलिकण हे या तपासणीचे प्रमुख विषय आहेत. यांपैकी काही घटक डोळ्यांना दिसतात किंवा वासावरून कळतात, तर काही उपकरणाशिवाय मुळीच ओळखता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येकाच्या तपासणीची गरज व पद्धत भिन्न असते.

बुरशी

बुरशीच्या वाढीस ओलावा कारणीभूत असतो. गळके छप्पर, नळाची गळती, भिंतीत मुरलेले पावसाचे पाणी व कोंदट हवा यांमुळे ती फोफावते. तिचे बीजाणू श्वासावाटे शरीरात गेल्यास ॲलर्जी असणाऱ्यांना शिंका व खोकला येतो आणि दमा बळावतो. भिंतीवर बुरशीचे डाग दिसत असल्यास प्रयोगशाळेतील चाचणीची बहुधा आवश्यकता नसते. बीजाणू बाहेरच्या हवेतही असतात व त्यांची सर्वमान्य सुरक्षित मर्यादा ठरलेली नाही. म्हणून ओलीचे मूळ शोधून ते दूर करणे, हाच मुख्य उपाय मानला जातो. भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवल्यास त्यांवर सहसा बुरशी धरत नाही.

ॲस्बेस्टॉस

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय सिलिकेट खनिज आहे. छपराचे पत्रे, पाण्याचे पाइप व उष्णतारोधक आवरणे यांत त्याचा वापर झाला आहे. त्याच्या तंतूंमुळे ॲस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे रोग होतात. मेसोथेलिओमाची लक्षणे दिसण्यास अनेकदा २० ते ४० वर्षे लागतात. साहित्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही, हे नुसत्या पाहण्यावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी साहित्याचा नमुना प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. अखंड पत्र्यापासून धोका तुलनेने कमी असतो. तो कापताना, फोडताना किंवा त्याला भोके पाडताना तंतू हवेत मिसळतात. म्हणून नमुना प्रशिक्षित व्यक्तीनेच घ्यावा लागतो.

वायू व धूलिकण

कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग व वास नसतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवल्यास किंवा हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर वापरल्यास तो साचून मृत्यू ओढवू शकतो. जमिनीतून येणारा किरणोत्सारी रेडॉन वायूही केवळ उपकरणानेच मोजता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची संदर्भ पातळी दर घनमीटरला १०० बेक्वेरेल सुचवली आहे. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी संघटनेने २०२१ मध्ये दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ही वार्षिक सरासरी मर्यादा सुचवली.

भारतातील स्थिती

ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारतात मात्र ॲस्बेस्टॉसयुक्त सिमेंटच्या पत्र्यांचा वापर चालू राहिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्यरक्षणाचे आदेश दिले. घरे व गोठ्यांवरील असे पत्रे बोलीत केवळ ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणून ओळखले जातात. या नावातून ॲस्बेस्टॉसचा बोध होत नसल्याने ते कापताना किंवा मोडीत काढताना आवश्यक काळजी घेतली न जाण्याचा धोका असतो.