सव्वासहा फुटांचं कूळ

मनिलाच्या जीपनीची गोष्ट जिथं-तिथं एकाच चालीवर सांगतात. दुसरं महायुद्ध संपलं, अमेरिकन फौज घरी निघाली आणि हजारो जीपगाड्या फिलिपिन्समध्येच ठेवून गेली. तिथल्या हिकमती कारागिरांनी त्या कंडम गाड्यांवर छप्पर चढवलं, मागं समोरासमोर बाकडी ठोकली, वर रंगांची उधळण केली आणि बघता बघता शहराला वाहन मिळालं. गोष्ट खोटी नाही, पण ती मधूनच सुरू होते. जीपनीचा साचा युद्धाच्या कितीतरी आधी मनिलाच्या रस्त्यांवर फिरत होता. तो ज्या गाडीवर बेतला होता, तीच गाडी लष्करी जीपचीही पूर्वज निघते. हे दुसरं विधान माझं लाडकं आहे आणि ते वादग्रस्त आहे, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ घेतो.

मूळ पुरुष इंग्लंडचा. १९२२ साली हर्बर्ट ऑस्टिन यांनी अठरा वर्षांच्या स्टॅन्ली एज या ड्राफ्ट्समनला हाताशी धरून, स्वतःच्या घरातल्या बिलियर्ड्सच्या खोलीत, एका चिमुकल्या मोटारीचे आराखडे काढले. ही ऑस्टिन सेव्हन. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, ७५ इंच. आपल्या हिशेबात बरोबर सव्वासहा फूट. हा आकडा लक्षात ठेवा. ही गाडी परवान्यावर देशोदेशी गेली. जर्मनीत ती डिक्सी झाली आणि बीएमडब्ल्यू कंपनीची पहिली मोटार म्हणून नावारूपाला आली. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या बटलर गावी १९३० पासून ती बनू लागली. मंदीत तो कारखाना बसला, मग ‘अमेरिकन बँटम’ या नव्या नावानं उभा राहिला. कंपनी बदलली, पत्रा बदलला, सव्वासहा फूट तेवढे राहिले.

आता लष्कराकडे या. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्करानं १३५ कारखान्यांना कळवलं, की आम्हाला चारही चाकांना जोर देणारी हलकी टेहळणी गाडी हवी आणि नमुना ४९ दिवसांत हवा. वजन १३०० पौंडांच्या आत. व्हीलबेस? ७५ इंच.

हा आकडा पहिल्यांदा नजरेस पडला तेव्हा मी पान उलटून पुन्हा पाहिलं. लष्कराला दुसरा कुठलाही आकडा सुचला असता, मग नेमका हाच का? माझं उत्तर सरळ आहे. त्याच्या आदल्याच महिन्यात लष्कराची तांत्रिक समिती बटलरला जाऊन बँटमचा कारखाना पाहून आली होती. १९३८ मध्ये बँटमनं पेनसिल्व्हानियाच्या नॅशनल गार्डला तीन मोटारी चाचणीसाठी दिल्या होत्या. त्याआधी, १९३७ मध्ये, हॉवी या लष्करी अधिकाऱ्यांनी ऑस्टिनचंच इंजिन वापरून एक सपाट मशीनगनगाडा जोडला होता. त्यावर दोन शिपाई पोटावर पालथे पडून जायचे, म्हणून त्याला ‘बेली-फ्लॉपर’ म्हणत. म्हणजे अमेरिकन लष्कर जेव्हा जेव्हा ‘लहान गाडी’ असं मनात आणी, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ऑस्टिनच उभी राही. माप तिथूनच उचललं गेलं असणार.

विरोधकांचा मुद्दाही मांडायला हवा, कारण तो कच्चा नाही. ते म्हणतात, बँटमचा नमुना उघडून बघा. इंजिन कॉन्टिनेन्टलचं, अ‍ॅक्सल स्पायसरचे, आराखडा कार्ल प्रॉब्स्ट यांचा, तोही दोन-तीन दिवसांत काढलेला. ऑस्टिनचं त्यात राहिलं काय? शिवाय तो ७५ चा आकडा तरी कुठं टिकला? लगेच ८० इंचांवर गेला. वजनाची मर्यादा तर सगळ्यांनीच मोडली. २३ सप्टेंबर १९४० ला नमुना हॉलाबर्डच्या छावणीत मुदतीच्या अर्धा तास आधी पोचला, तेव्हा ती वेगळीच गाडी होती. हे सगळं मान्य. पण कुळात रक्ताइतकंच घराण्याचं वळणही मोजतात. शिपाई खच्चून भरलेला ट्रक आणि साइडकारची मोटरसायकल यांच्यामध्ये एक बुटकी, हलकी, दोघा-तिघांना उचलून खड्ड्याबाहेर काढता येईल अशी चारचाकी असू शकते, हा विचार बटलरच्या कारखान्यातून आला. तो विचार ऑस्टिनचा. पुढं लष्करानं आराखडे विलीज आणि फोर्डच्या हाती दिले, त्या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या आणि बिचाऱ्या बँटमच्या वाट्याला जीपमागं जोडायचे ट्रेलर आले.

‘जीप’ या नावाची भांडणं सर्वांना ठाऊक आहेत, एका परिच्छेदात उरकतो. ‘जनरल पर्पज’चं जीपी आणि जीपीचं जीप, ही लोकप्रिय व्युत्पत्ती मला पटत नाही. फोर्डच्या संकेतात ‘जी’ म्हणजे सरकारी आणि ‘पी’ म्हणजे ८० इंच व्हीलबेस. त्यापेक्षा पॉपायच्या चित्रकथेत १९३६ साली अवतरलेला, कुठंही पोचू शकणारा ‘यूजीन द जीप’ हा प्राणी मला जास्त विश्वासार्ह वाटतो.

मनिलाकडे वळू. तिथं घोडागाडीला ‘कालेसा’ म्हणतात, शब्द स्पॅनिश. मोटारी आल्या तशी भाडोत्री छोट्या मोटारींना ‘ऑटो-कालेसा’, थोडक्यात ‘एसी’, म्हणू लागले. १९३२ पासून एमिल बाखराख या व्यापाऱ्याच्या मनिलातल्या कंपनीनं एसी तिथंच बांधायला घेतली. दोन समांतर बाकडी, उतारू गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर. चढायचा दरवाजा आधी बाजूला, नंतर मागं. आणि हे सगळं कशाच्या सांगाड्यावर? ऑस्टिन सेव्हनच्या!

सव्वासहा फुटांची एक शाखा बटलरमार्गे लष्करात गेली, दुसरी मनिलाच्या गल्ल्यांत भाडं मारत राहिली. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिलाची लढाई झाली, शहर जमीनदोस्त झालं, ट्राम उखडली ती कायमची. त्यानंतर जेव्हा जीपगाड्या फुकट किंवा पडेल भावानं कारागिरांच्या अंगणात आल्या, तेव्हा काय करायचं हे कुणाला शोधून काढावं लागलं नाही. जीपवर एसीचा अंगरखा चढवायचा, एवढंच.

म्हणूनच ‘जीपनी’ हा शब्द जीप आणि ‘नी’, म्हणजे गुडघा, यांचा जोड आहे ही चटकदार गोष्ट मी बाजूला ठेवतो. गुडघ्याला गुडघा खरंच लागतो, पण ‘जिटनी’ हा शब्द आधीपासून हजर होता. पाच सेंटांत ठरावीक वाटेनं उतारू नेणाऱ्या मोटारींना १९१४-१५ पासून अमेरिकेत जिटनी म्हणत आणि अमेरिकन अमलाखालच्या मनिलात तो शब्द मुरलेला होता. जीप अधिक जिटनी. निकाल लावायला एवढं पुरे.

खरं कसब मात्र कारखान्यात होतं. जीपच्या मूळ चेसिसवर चौघं कसेबसे बसायचे, तेवढ्यात धंदा होईना. मग चेसिस कापायची, मध्ये जोड देऊन लांबवायची, पाटे वाढवायचे, मागचा सगळा पत्रा नव्यानं ठोकायचा. पुढं पुढं वीस-वीस उतारू बसू लागले. लष्करी इंजिनं थकली, तेव्हा जपानहून आलेली जुनी डिझेल इंजिनं बसली. असं एकेक अवयव बदलत अखेर जीपचं फक्त नाक उरलं, जाळी आणि बॉनेट. आणि तेही नव्यानं घडवलेलं.

त्या बॉनेटवर घोडे असतात. चकचकीत धातूचे, कधी एक, कधी रांगच्या रांग. कुणी म्हणतं ही अमेरिकन मोटारींच्या क्रोमची नक्कल, कुणी म्हणतं गावजत्रेची हौस. लास पिन्यास इथं १९५३ साली ७०० पेसोंच्या भांडवलावर कारखाना काढणारे लिओनार्डो साराव हे जीपनीच्या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव. ते आधी काय करत होते? कालेसा हाकत होते. घोडे कुठून आले याची चर्चा माझ्यापुरती तिथंच संपते.

आपल्याकडचा धागा छोटा आहे, पण आहे. १९४७ साली महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीनं विलीज जीपच्या पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांत मागवल्या. (इथंही ७५, पण याला मी पुरावा मानत नाही, मोह होतो तरी.) पुढं माझगावला त्या जोडल्या जाऊ लागल्या. आणि सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ज्यानं वडापनं, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या जीपनं, प्रवास केला आहे, मागच्या बाकड्यावर समोरच्याच्या पिशवीला गुडघे टेकवून बसला आहे, त्याला मनिलाची एसी समजावून सांगावी लागत नाही.

फिलिपिन्समध्ये २०१७ पासून जुन्या जीपनी काढून नव्या, कमी धुराच्या गाड्या आणण्याची सरकारी मोहीम चालू आहे. चालकांनी त्याविरुद्ध संप केले आहेत. धूर खरा आहे आणि नव्या गाडीच्या कर्जाचा बोजाही खरा आहे. माझं मत विचाराल तर धूर जावा, पण मागचा दरवाजा आणि समोरासमोरची बाकडी राहावीत. त्यांचं वय कुठल्याही इंजिनापेक्षा जास्त आहे.

आणि एक विनंती. आपल्याकडेही लष्कराच्या लिलावात घेतलेल्या जुन्या जीप वाड्याच्या मागं, उसाच्या गुऱ्हाळाशेजारी, गॅरेजच्या कोपऱ्यात गंजत पडलेल्या असतात. भंगारवाल्याला बोलवण्याआधी वाकून रेडिएटरच्या खालचा आडवा दांडा बघा. तो गोल नळीचा असेल तर गाडी युद्धकाळातली विलीज असू शकते. उलट्या पन्हळीसारखा असेल तर फोर्ड, आणि मग बोल्टांच्या डोक्यावर बारीक ‘एफ’ कोरलेला सापडेल. जाळीत नऊ फटी असतील आणि पुढचा दिवा खिट्टी सोडून इंजिनाकडे फिरवता येत असेल, तर वजनावर विकू नका. आधी एखाद्या जाणकार फिटरला दाखवा.