'ढ' कोणाला म्हणायचं?

मराठीत एका अक्षराच्या वाट्याला मोठी बदनामी आली आहे. ते अक्षर म्हणजे 'ढ'. अशोकाच्या काळातल्या ब्राह्मी लिपीतली बहुतेक अक्षरं बदलत गेली, 'ढ' जवळपास तसाच राहिला. म्हणून ज्याची प्रगती होत नाही तो 'ढ', अशी या शब्दाची कथा सांगतात. आमच्या धारूरकडेही हा शिक्का एकदा बसला की पुसत नाही.

१८८७ मध्ये जर्मनीतले नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी 'डिस्लेक्सिया' हा शब्द वापरला, तो मेंदूच्या आजारानं वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी. १८९६ मध्ये इंग्लंडच्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा हुशार, गणितात बरा. पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरं उलटसुलट करायचा. सगळं तोंडी शिकवलं तर हाच शाळेत पहिला येईल, असं त्याचे मास्तर म्हणत.

मला यात नवल वाटलं नाही. कविता माझ्याकडे आधी कानानं आली. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायांना शाळाच मिळाली नव्हती. त्यांचं कारण वेगळं. पण वाचता न येणं आणि बुद्धी नसणं या दोन गोष्टी आहेत, हे त्यांनीही दाखवलंच.

डिस्लेक्सियात दोष डोळ्यांचा नसतो, आळसाचाही नसतो. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. मग काना, वेलांटी, जोडाक्षर, सगळंच अडतं. ध्वनी सुटा करून, अक्षर बोटानं गिरवून, सावकाश शिकवलं तर वाचन सुधारतं.

१९९६ मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. २००७ च्या 'तारे जमीन पर'नं हा विषय घराघरांत नेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशा अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. पण त्यासाठी तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं.

आमची अडचण इथंच आहे. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं पोर उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. त्याला वाचता येत नाही ते शाळा बुडाल्यामुळे की डिस्लेक्सियामुळे, हे कोण सांगणार? तपासणी मराठीतून, तालुक्याच्या गावी व्हायला हवी. तोवर एवढं तरी करावं: मूल वाचताना अडलं, तर तोच धडा त्याला वाचून दाखवावा आणि तोंडी प्रश्न विचारावेत. ते काय उत्तर देतं ते ऐकावं, मगच त्याच्या बुद्धीबद्दल बोलावं.